फरहानचा आवाज आणि विद्युल्लतेचा हात

नाही, पण मी म्हणते, टेबलावर मूठ आपटायची गरजच काय होती प्राचार्यांना? ‘क्रीडा विभाग कोण घेतंय?’ एवढं नुसतं विचारलं असतं तरी भागलं असतं की. पण नाही... मूठ आपटली, चहाचे कप उडाले, आमची विद्युल्लता दचकली, आणि हात वर. झालं. ‘वा, मॅडम स्वतःहून पुढे आल्या,’ म्हणून टाळ्यासुद्धा वाजल्या, आणि टाळ्यांनी दचकून हात पुन्हा वर, म्हणजे शंकेला जागाच उरली नाही.

तुम्हाला सांगते, मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. लहानपणापासून सवय आहे तिला, दचकली की उजवा हात ताठ वर. आईबापांनी हौसेनं विद्युल्लता नाव ठेवलं आणि पोरगी ढग गडगडला की पलंगाखाली. कंत्राटावर अर्थशास्त्र शिकवणारी, फळा पुसायचं डस्टर पडलं तरी पांढरी पडणारी बाई, आणि तिच्या ताब्यात काय, तर बास्केटबॉलची टीम. आणि टीममध्ये कोण, तर फरहान.

आता फरहान म्हणजे... खेळ म्हणाल तर देवानं हात घडवून दिलेत. अर्ध्या कोर्टावरून चेंडू टाकतो आणि तो जाळीतून पडायच्या आधी हा पाठ फिरवतो. पण आवाज? घर वर आणि खाली चोवीस लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, आई शाहीनबी जेवायला हाक मारणार ती चोवीस लूमच्या वरून, हा ‘आया’ म्हणणार तोही चोवीस लूमच्या वरून. मग कोर्टावर हळू कुठून बोलणार? ‘भूपेश, पीछे! मिहिर, बायें जा बायें, सो गया क्या?’ असा एकदा ओरडला की भूपेशच्या हातातला चेंडू पडणार, मिहिर उजवीकडे पळणार आणि बाकावर विद्युल्लता दचकली, की हात वर.

शेवटी कॅप्टन भूपेश, अंजूरचा, तिच्यापुढं येऊन उभा. ‘मॅडम, तो हाय तर आम्ही न्हाय. आठ महिने झालं, घरी ताटावर बसलो तरी कानात त्योच वरडतो. गप करा त्याला, न्हायतर नवीन पोरं बघा.’

नवीन पोरं कुठून आणायची? पहिला सामना दहा दिवसांवर, आणि संस्थेचे तुळशीरामशेठ, वडप्याला गोदामं असलेले, त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, ‘पहिला सामना जिंकलात तर कोर्ट तुमचं. हरलात तर तिथं माझे टेम्पो लागतील.’ प्राचार्यांनी त्यावर काय म्हणावं? ‘जागा मॅडमच्या ताब्यात, म्हणजे टेम्पोही मॅडमच लावून घेतील.’ चाळीस टेम्पो. चाळीस हॉर्न. त्या दिवशी विद्युल्लतेला डबा गेला नाही. आणि पोरांचं काय? संध्याकाळी जायला दुसरी मोकळी जागा राहिलीय कुठं या गावात?

चार दिवस तिनं आरशासमोर तालीम केली. सव्वासहा फुटांच्या पोराला गप बस म्हणायचं म्हणजे काय खाऊ आहे? मुद्दाम शुक्रवार धरला, लूमची सुट्टी, गल्ली शांत, निदान ओरडून तरी बोलावं लागणार नाही. गेली आणि कुजबुजली, ‘फरहान, जरा... हळू बोलशील का?’

आणि गंमत बघा, तो चिडला नाही. मान खाली घातली त्यानं. ‘मॅडम, मेरेको पताही नहीं था. किसीने बोलाच नहीं. आजसे आवाज बंद. एकदम बंद.’

एकदम. पोरगं शब्दाचं पक्कं निघालं, तिथंच घात झाला.

तुम्ही भिवंडीचे असाल तर वेगळं सांगायला नको. लूम चालू असले की तान्हं बाळ बिनघोर झोपतं. लाइट जाऊन लूम थांबले की तेच बाळ टाहो फोडतं आणि अख्खी गल्ली दारात, काय झालं, काय झालं? सामन्याच्या दिवशी अगदी तेच. फरहान तोंड मिटून खेळतोय आणि आमची चार पोरं मान वर करून उभी, काय झालं, काय झालं? अहो, आठ महिन्यांत त्यांनी मागे वळून बघितलंच नव्हतं. मागे कोण आहे ते फरहान सांगायचा. शिव्या घालून सांगायचा, पण सांगायचा. भूपेशनं तर चेंडू नीट, अदबीनं, समोरच्या टीमच्या हातात दिला. शिट्टी वाजली, विद्युल्लता दचकली, हात वर, पंचांना वाटलं टाइमआउट मागतेय, तोही फुकट गेला.

हाफटाइमला चौदा-पंचवीस. आणि कडेला शेठचा काळूराम टेप आणि चुना घेऊन हजर. कोर्टाच्या कोपऱ्यापासून रेघ मारतोय आणि मोठ्यानं मोजतोय, ‘एक टेम्पो... दोन टेम्पो...’

विद्युल्लता बाकावरून उठली. भूपेशला म्हणाली, ‘तू सांग त्याला, ओरड म्हणावं.’

‘मी? मेलो तरी न्हाय. तुम्ही बंद केलाय, तुम्हीच चालू करा.’

गेली बिचारी. ‘फरहान, ओरड.’

‘क्या?’

शुक्रवार नव्हता ना. पलीकडच्या गल्लीत लूम खडखडत होते.

‘ओरड रे.’

‘क्या मॅडम?’

मागून ‘सात टेम्पो...’ आणि मग ते झालं. ‘फरहान, ओर्रऽऽड!’ शपथ सांगते, गुण लिहायला मी बसले होते, माझ्या हातातलं पेन पडलं. टेप सुटून सप्पकन काळूरामच्या बोटावर. पंचांची शिट्टी तोंडातल्या तोंडात राहिली. आणि विद्युल्लता? स्वतःच्याच आवाजानं दचकली, आणि हात वर.

पुढचं काय सांगू? फरहान सुटला. ‘भूपेश, पीछे!’ भूपेश थरथरत मागे. ‘मिहिर, बायें!’ मिहिर उजवीकडेच पळाला, पण फरहाननं आता ते धरूनच चेंडू उजवीकडे टाकला. सगळे घाबरलेले, पण आपापल्या जागी घाबरलेले. अडतीस-सदतीस. कोर्ट वाचलं.

वाचलं, पण विद्युल्लतेचा तो आवाज गेटापाशी उभ्या शेठनी ऐकला होता ना. टेम्पो कुठं तरी लागायलाच हवेत, तर आता ग्रंथालयाच्या मागे लागतात, आणि लावून कोण घेतं? ‘असा आवाज वडप्यात कुणाचा नाही,’ म्हणून शेठनी हट्टानं तिलाच मागून घेतलं. रोज सकाळी पहिल्या तासाआधी बाई मागे उभी, ‘येऊ द्या... येऊ द्या...’ आणि टेम्पो भिंतीपाशी आला की ड्रायव्हर हॉर्न मारतो, विद्युल्लता दचकते, हात वर. ड्रायव्हरला वाटतं थांबायची खूण.

आजवर एकही टेम्पो भिंतीला लागलेला नाही. आता सोडतील होय तिला?