मासा आहे, पण आत आहे

...तर माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. मत्स्यालयात लोकांना माहिती सांगायला बाकीच्यांना लाल, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे मिळाले आणि माझ्या वाट्याला हा! वीतभर लांब, काडीसारखा बारीक, काचेसारखा आरपार, आणि दिवसभर दिसतच नाही. दिसते काय, तर वाळूवर लोळणारी जाडजूड समुद्रकाकडी. नावाची काकडी, आहे जिवंत प्राणी. लोक विचारतात, मासा कुठाय? मी म्हणतो, मासा आहे, पण आत आहे. काकडीच्या आत? हो. तोंडातून गेला का? इथंच घोडं पेंड खातं...

तुम्हाला सांगतो, ही काकडी श्वास घेते मागनं. ती श्वासाला उघडली, की हा पठ्ठ्या आधी वास घेतो, मग वळतो आणि गाडी रिव्हर्सला घ्यावी तसा शेपटीकडनं आत! अंधार पडला की पोट भरायला बाहेर, उजाडायच्या आत परत मुक्कामाला. आहे का लाजबीज?

पण सांगायचं कसं? मॅनेजरसाहेबांनी बजावलेलं, तो शब्द काढायचा नाही, काका, इथं पोरंबाळं येतात. मग मी आपला, मासा आहे, पण आत आहे. लोकांना वाटे, म्हातारा रिकामी पेटी दाखवून फसवतोय. दोन तक्रारी गेल्या. साहेब म्हणाले, तिसरी आली की घरी बसा. घरी बसून काय करू, सुनेबरोबर मालिका बघू?

आणि परवा आल्या विश्वस्तबाई. निवृत्त हेडमास्तरीण, नजर अशी, की माझे हात आपोआप मागं बांधले गेले. मासा कुठाय? मासा आहे, पण आत आहे. कुठून गेला? मी साहेबांकडं बघितलं, साहेब छताकडं.

"अहो, पाठांतर नको. रस्ता सांगा."

म्हटलं, गेली नोकरी तर गेली...

"बाई, ढुंगणातून."

बाईंनी चष्मा पुसला, वाकून काकडी बघितली आणि हसत हसत बाकावरच बसल्या.

"चाळीस वर्षं शिकवलं, इतकं नेमकं उत्तर कुणी दिलं नाही. असंच सांगायचं, सगळ्यांना."

झालं! नोकरी वाचली, पण आता शाळांच्या सहली सगळं सोडून माझ्याच पेटीशी. पन्नास पोरं एका सुरात, "कुठून, आजोबा?" आणि मी सांगतोय, घसा बसेपर्यंत, भरपगारी. संध्याकाळी सून ताट वाढताना विचारते, बाबा, आज कामावर काय केलंत?

मी म्हणतो, भाजीत मीठ कमी आहे.