नवसाचा बल्ब

नवसाचा विषय काढलात म्हणून सांगते. ह्यांच्या ट्रकचे दिवे कसाऱ्याच्या घाटात अचानक गेले, ट्रक कठड्यावर आदळला आणि शेजारी बसलेल्या माझ्या धाकट्या दिरांचा पाय गेला. पुढे कल्याणला ट्रक दुरुस्तीला काढला, तेव्हा मिस्त्रीने आमच्यासमोर एकेक वायर सोडवून पाहिली.

"वहिनी, शॉर्ट इथे झालाय. देवाच्या तसबिरीपुढच्या बल्बची वायर पत्र्याला घासून उघडी पडलीय."

प्रवास सुखरूप व्हावा म्हणून तो बल्ब मीच नवस बोलून लावून घेतला होता. "काढून टाका," मी कसंबसं म्हटलं.

कुबड्या सावरत दीर मिस्त्रीला म्हणाले, "राहू दे रे तो. वायर तेवढी नवी घाल. माझा पाय गेला, आता वहिनींचा देवही काढून घ्यायचा का?"