तक्त्यातले तीन आकडे

हात प्लास्टरमध्ये असला तरी शिंपीणबाईंचे कान मोकळेच होते. एक्स-रेच्या रांगेत त्यांच्या शेजारी एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, पलीकडे तिचे वडील.

“किती वेळ तेच बडवतेस?”

“ऑफिसचं काम आहे, बाबा. डोकं उठलंय. यादी नुसती मागितली, की हा प्रोग्राम नावानिशी सगळं छापतो. हे बघा, ‘वजन’, खाली तिन्ही आकडे. ‘उंची’, खाली तिन्ही आकडे.”

“मग बिघडलं कुठे?”

“तीच यादी तक्त्यात बसवली, की नुसतं लिहितो, ‘आकडे, तीन’. कुठले तीन, ते नाही.”

“पुसले गेले?”

“छे. आत जसेच्या तसे आहेत. दाखवत नाही, एवढंच.”

“कधीच नाही?”

“एकच असला तर दाखवतो. हे वय दाखवलं ना. जास्त झाले की नुसते मोजून मोकळा होतो.”

“हं.”

“काय हं?”

“सकाळी वर आईच्या वॉर्डात डॉक्टरांना भेटून आलीस. आईचं ब्लडप्रेशर किती, ते जिना उतरता उतरताच सांगितलंस.”

“मग?”

“बाकीचं विचारलं, तर म्हणालीस, तीन रिपोर्ट आलेत.”

“बाबा, चहा आणू तुम्हाला?”

“तो लॅपटॉप मिट.”

“बाबा…”

“मिट. आणि आता एकेकाचं नाव घेऊन सांग.”

शिंपीणबाईंचा नंबर दुसऱ्यांदा पुकारला गेला. त्या जागच्या हलल्या नाहीत.