हिंदुरावांची गाडी आणि शालनवहिनींचा दम

मंडळी, आधी एक सांगा. इशारा झाला, की माणूस जागा होतो का? होतो म्हणता? बरं! मग ऐका.

कराडकडचे हिंदुराव थोरात. पंपाच्या कारखान्याचे मालक. यांनी परदेशी गाडी घेतली. अशी तशी नव्हे हो, बोलणारी! आत बसलं की एक बाई गोड आवाजात म्हणते, "कृपया पट्टा लावा." आणि हिंदुराव लगेच लावतात! बत्तीस वर्षांत बायकोचं एक ऐकलं नाही, पण या न दिसणाऱ्या बाईपुढे माणूस कसा गाईसारखा गरीब! हसताय? हसा! पुढच्या रांगेतले जरा जास्तच हसताहेत!

तर एके सकाळी हिंदुराव आणि त्यांच्या पत्नी शालनवहिनी कोल्हापूरला साखरपुड्याला निघाले. पेठ नाक्याच्या अलीकडे स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा लागला. मग दुसरा. मग लाल! ब्रेकचा, टायरचा, एअरबॅगचा — एकदम सगळे! स्टिअरिंग जड झालं. हिंदुरावांच्या कपाळाला घाम. गाडी कडेला घेतली, कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर — "सर, बहुतेक कॉम्प्युटर बदलावा लागेल. गाडी हलवू नका. उचलून न्यायला संध्याकाळ होईल."

"संध्याकाळ?" हिंदुराव ओरडले. नाक्यावरून कुणीतरी मुनीरभाईंना बोलावून आणलं. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा म्हातारा, डोळ्यावर जाड भिंग.

मुनीरभाईंनी दिवे बघितले आणि म्हणाले, "साहेब, एक दिवा लागला तर एक बिघाड. सगळे एकदम लागले, तर बहुतेक वीजच नीट पोचत नाही."

मीटर लावला. बॅटरीची अर्थिंगची वायर हलवून बघितली — ढिली! वर हिरवट गंज. पॉलिश पेपरनं घासली, पाना फिरवला, घट्ट केली. "करा चालू." केली — एकेक करून सगळे दिवे गेले! हिंदुरावांनी बॉनेटवरून असा हात फिरवला, जसा आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवावा.

आणि शालनवहिनी? त्या रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या होत्या. पदर तोंडाशी, ओठ पांढरे.

मुनीरभाई म्हणाले, "साहेब, गाडी झाली. वहिनींना काय होतंय?"

"तिचं नेहमीचंच. जिना चढली की दम लागतो, छाती भरून येते."

"कधीपासून?"

"झाले असतील तीन महिने."

"आणि गाडीचे दिवे?"

"आज सकाळी! तासाभरापूर्वी!"

म्हाताऱ्यानं वहिनींकडे बघितलं, मग हिंदुरावांकडे. आणि मंडळी, ते बघणं हिंदुरावांना असं लागलं, की हातातली किल्ली खाली पडली! वाकले, उचलली, बायकोला हाताला धरून गाडीत बसवलं. साखरपुडा राहिला, गाडी थेट इस्पितळात! हृदयाची एक नस जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणाले, "आज आणलंत म्हणून..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

चौथ्या दिवशी वहिनी उठून बसल्या. हिंदुराव रडवेले होऊन म्हणाले, "अगं, आधी सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं की!" वहिनी म्हणाल्या. "पाडव्याला सांगितलं, तुम्ही गाडीला हार घालत होता. नंतर सांगितलं, तुम्ही टायरची हवा बघत होता. मग म्हटलं, आपल्याला काही दिवा नाही बाई. कुणाला दिसणार?"

यावर हिंदुरावांनी काय सांगावं? तुम्हाला सुचतंय?

आता टाळ उचला, नामाचा गजर करू. पण मंडळी, ज्या माउलीला उभं राहून टाळ्या वाजवताना दम लागतोय, तिनं बसून घ्यावं. आणि तिच्या घरच्या माणसानं आज देवाकडे नको, तिच्याकडे बघून देवाचं नाव घ्यावं!