बाबांच्या दोन डिस्क

तैपेईच्या कॉम्प्युटर बाजारात स्यू-ल्यान बाई माउस बदलून घ्यायला रांगेत उभ्या होत्या. पुढचे बहीण-भाऊ एकमेकांकडे न बघता भांडत होते, तेव्हा बाईंचे कान आपोआप तिकडे लागले.

"मालक, बाबांच्या कॉम्प्युटरात दोन डिस्क होत्या. ते गेल्यावर एक हिनं घेतली, एक मी."

"माझी कोरी निघाली. फोटोंनी भरलेली यानंच ढापली."

"ताई, माझीही कोरीच आहे!"

"असणारच. कॉम्प्युटरवरचं हिरवं खाऊचं पाकीट कुणी फोडलं? मशीन शहाण्यासारखं चालावं म्हणून बाबा ठेवायचे ते."

"भूक लागली होती गं."

"थांबा हो दोघं!" मालक म्हणाले. "कोरी एकही नाही. काम भराभर व्हावं म्हणून तुमच्या बाबांनी माझ्याकडूनच दोन्ही जोडून एक करून घेतल्या होत्या. प्रत्येक फोटोचे थोडे तुकडे एका डिस्कमध्ये, थोडे दुसरीत."

"म्हणजे माझ्याकडे अर्धे फोटो आहेत?"

"एकसुद्धा नाही. दोन्ही एकत्र लावल्या तरच दिसतील. मग हव्या तेवढ्या नकला काढून देतो."

"आधी याला त्याची डिस्क ठेवायला सांगा."

"आधी ती ठेवू दे. ती मोठी आहे."

मालकांनी हात पुढे केला तो केलाच. शेवटी काउंटरवर एक डिस्क आली, मग दुसरी.

"मावशी, तोवर तुमचं काय ते बोला."

"माझं राहू द्या हो. आधी यांचं बघा."

"ताई, चालू करायच्या आत खालच्या दुकानातून हिरवं पाकीट घेऊन येतो."

"दोन आण. एक तू खाशीलच."