नॉर्मांचं नाक

गिस्लेन: आणि वास? आज पाकाला वास कसा येतोय?

नॉर्मां: एक नंबर. बाबांच्या वेळी यायचा ना, तस्साच. ते लाकूड सरकव जरा इकडे.

गिस्लेन: हे घे.

नॉर्मां: मी काय म्हणतो गिगी, शहरात एकटी राहून तू आता करणार काय? नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली. इथेच ये. वरची खोली रिकामीच आहे. हंगामात माझ्याबरोबर कढईपाशी उभी राहा, पूर्वी राहायचीस तशी.

गिस्लेन: सोलांजला पुरून आलो त्या दिवसापासून हेच चाललंय तुझं.

नॉर्मां: बायको गेली की घर खायला उठतं गं.

गिस्लेन: एवढंच?

नॉर्मां: अजून काय असणार?

गिस्लेन: काल दवाखान्यात तू कोट घालत होतास, तेव्हा डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलल्या. खूश होत्या. म्हणाल्या, नाकातले ते गोळे काढले की इतक्या वर्षांनी तुमच्या भावाला कदाचित पुन्हा वास येईल. मी हसले. म्हटलं, बाई, तुमचा काहीतरी घोळ होतोय. अख्ख्या बोस परगण्यात मेपलच्या पाकाला याच्याइतकं तिखट नाक कुणाचं नाही.

नॉर्मां: डॉक्टर लोक वाढवून सांगतात. जुनी सर्दी आहे, दुसरं काही नाही.

गिस्लेन: सर्दी झालेल्या माणसाचा ऍस्पिरिनने जीव घुसमटत नाही. तुझ्यामुळे आई ती बाटली कुलपात ठेवायची. दमा, नाकातले गोळे आणि ऍस्पिरिन न सोसणं, हे सगळं एकच दुखणं आहे म्हणे. फार थोड्यांना होतं. तुला कधीपासून वास येत नाही, तेही तूच त्यांना सांगितलंस. त्यांना सांगितलंस, मला नाही.

(नॉर्मां भट्टीचं दार उघडून लाकूड आत सारतो.)

नॉर्मां: एकवीसचा होतो. नाक चोंदलं, वास गेला, तो गेलाच.

गिस्लेन: म्हणजे बाबांनी भट्टी तुझ्या नावावर केली त्या वर्षी.

नॉर्मां: त्याच्या आदल्या वर्षी.

गिस्लेन: आदल्या.

नॉर्मां: बाबा सगळ्यांसमोर बोलून बसले होते. मेपलच्या झाडांना कळ्या धरल्या की त्यांचा रस नासतो, तो वास ज्याला पहिला लागेल त्याची भट्टी. मी काय तोंडाने सांगणार होतो?

गिस्लेन: पहिला मला लागायचा.

नॉर्मां: हो.

गिस्लेन: तू मला कढईपाशी बोलवायचास. हळूच विचारायचास, 'गिगी, तुला काय वाटतं?' या घरात मला कधी कुणी काही विचारलं नाही, नॉर्मां. पोरीला काय कळतं, म्हणायचे. तू एकटा विचारायचास. शहरात जन्मभर लोकांची पत्रं टाइप केली मी. वाईट दिवस आला की ते आठवायचे. वाटायचं, एका माणसाला तरी माझी किंमत होती.

नॉर्मां: होतीच की.

गिस्लेन: नाकाची होती.

नॉर्मां: असं नको ना बोलू.

गिस्लेन: आणि मी गेल्यावर? सोलांज?

नॉर्मां: वास बदलला की ती एप्रन काढून खुंटीला अडकवायची. मग मी मोठ्याने म्हणायचो, 'झालं, आवरा.' भट्टी बघायला आलेले पाहुणे टाळ्या वाजवायचे.

गिस्लेन: मीही वाजवल्यात. दर वर्षी बस पकडून यायचे मी, त्या टाळ्या वाजवायला.

नॉर्मां: चुकलो गिगी. तुझ्या वाट्याचं होतं, ते मी घेतलं. पण आता ती नाही, आणि एकदा नासका पाक बाजारात गेला की बाबांचं नाव बुडालं. काय शिव्या घालायच्या त्या घाल. फक्त एक सांग. आत्ता वास कसा येतोय?

गिस्लेन: कोबी उकडल्यासारखा. कळ्या धरल्यात.

नॉर्मां: कधीपासून?

गिस्लेन: सकाळी मी दार उघडलं तेव्हापासून.

नॉर्मां: अगं, सकाळपासून पिंपं भरतोय मी. कालच्या चांगल्या पाकात ओतलंय सगळं. तू इथेच बसली होतीस, बोलली का नाहीस?

गिस्लेन: तू खरं सांगशील म्हणून बसले होते.