वाढलेलं तेल

न्हाई न्हाई, मिस्त्री, मी वरनं तेलाचा थेंबबी घातलेला न्हाई. तुमाला वाटतंय, म्हाताऱ्यानं अंदाजानं डबा ओतला आन आता कबूल करत न्हाई. आवं, मी फौजेत ड्रायव्हर हुतो. हवलदार नाथाजी म्हनायचे मला. सकाळच्या परेडला पैलं काम काय? — बॉनेट उघडा, तेल मोजायची काडी बाहेर काडा, फडक्यानं पुसा, परत घाला, परत काडा. गाडी सपाटीवर पायजे, इंजिन बंद करून जरा दम धरायचा, वरचं तेल खाली उतरू द्यायचं, आन मगच बघायचं. दोन खुनांच्या मदी असलं की झालं. जनमभर त्येच केलंय मी. पर तवाच्या ट्रकांचं तेल कमी व्हायचं, ह्या नव्या गाडीचं वाढतंय! खुनेच्या वर गेलंय, दिसतंय की मलाबी. काडीचा वास घेऊन बघा — डिझेल, व्हय ना? पातळबी झालंय. कारन ठाव हाय मला. ह्याच्या आदी एकदा असंच झालतं.

तवा मलकापूरच्या अश्फाक मिस्त्रीकडं नेली हुती. चांगला मानूस, शांत. त्यानं इचारलं, काका, गाडी लांब जात न्हाई का कुठं? म्हनलं, न्हाई बाबा, घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. इंजिन तापायच्या आत दवाखाना येतो. मग त्यानं समजून सांगितलं — सायलेन्सरच्या अंगाला जाळी असती, तिच्यात काजळी बसती, ती जाळायला गाडी आपल्याआपन जादा डिझेल सोडती, आन तुमी मदीच बंद केली की त्ये डिझेल खाली तेलात उतरतं. त्यानं तेल बदललं, फिल्टर बदलला आन म्हनला, आता एकदा हायवेला काडा, साताऱ्यापातूर न थांबता न्या, म्हंजी जाळी साफ हुईल.

दवाखाना का? — भामाचा. आमची मंडळी. तिच्या किडन्या गेल्त्या. आठवड्यातनं तीनदा डायलिसिस. गाडी घेतली ती काय दवाखान्यासाठनं न्हाई बरं का! रिटायर झालो तवा म्हनलं, आता हिला जरा जग दाखवावं. मी लडाख बघितलं, आसाम बघितलं, हिनं काय बघितलं? माझी म्हातारी आई, दोन म्हशी आन ऊस. पर गाडी दारात आली आन हिचं पाय सुजायला लागलं. मग काय, जग ऱ्हायलं बाजूला.

तर अश्फाक असं म्हनला, आन मी घरी येऊन हिला सांगितलं, की उद्या गाडी साताऱ्याला न्यायची हाय, येतीस का? त्या दिवशी डायलिसिस नव्हतं. ही म्हनली, "काय काम काडलं?" म्हनलं, काम गाडीचंच, नुसतं पळवायचं आन माघारी यायचं. तर ही उठली — किती दिसांनी आपली आपन उठली — आन ट्रंकेतनं हिरवं लुगडं काडलं. मी म्हनलं, अगं, कुठं उतरायचं न्हाई. "नसंना," म्हनली, "नेसते तर खरं."

फाट्यावर हायवे लागला आन ही म्हनली, "आवं, तुमची येस्टी हितनं जायची, न्हवं का?" म्हनलं, व्हय. "त्या वळनापातूर मला दिसायची. फुडं कुठं जायची ते मी कवाच बघितलं न्हाई. आज दाखवा." — मिस्त्री, दर सुट्टी संपली की मी निघायचो आन ही फाट्यावर उभी ऱ्हायची, डोक्यावर पदर घेऊन. येस्टी हालली की मी डोळं मिटायचो. ड्यूटी म्हंजी ड्यूटी. आन हिच्या मनात इतकी वर्सं काय, तर वळनाच्या फुडं रस्ता कसला हाय!

मग दाखवला. उंब्रज आलं, "हितं काय करायचा?" म्हनलं, च्या प्यायचो. अतीत आलं, "हितं?" म्हनलं, झोपायचो. "खोटं," म्हनली. "तुमाला गाडीत झोप लागत न्हाई." नागठान्याच्या अलीकडं मग सांगितलं तिला, की हितंपातूर मला तुझंच तोंड दिसायचं. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा बोललो असं काय. ती खिडकीतनं बाहेर बघत ऱ्हायली. मग म्हनली, "तवाच पत्रात लिवायचं की!" पत्रात कसं लिवायचं? हिला वाचता येत नव्हतं. वाचून कोन दाखवायचं? — माझी आई!

साताऱ्याला पोचलो तवर स्टेरिंगफुडच्या बोर्डावर जाळी तुंबल्याचा पिवळा दिवा लागायचा, त्यो गेल्ता. मी म्हनलं, बघ भामा, झाली जाळी साफ. ही दिवा हुता तिथं बघत बसली आन म्हनली, "गाडी लांब न्हेली की साफ हुती. आन मला मातर तुमी रोज जवळच नेता." हसत म्हनली. मीबी हसलो. काय करनार? वळायच्या आदी उसाचा रस घेतला. तिला पानी मोजून प्यायचं, डॉक्टरची ताकीद. तिनं दोन घोट घेतलं आन पेला माझ्या हातात दिला. "उरलेला तुमी प्या. फुडल्या खेपेला पुन्याचं टेसन दाखवा. जम्मूची गाडी कुठनं सुटायची ते बघायचंय."

फुडली खेप कुठली! थंडीत छातीत कफ झाला, आन आठवडाबी काडला न्हाई तिनं. झालं.

— केव्हा? मागल्या थंडीत. व्हय. वरीस हुईल आता.

म्हंजी तुमच्या मनात आलं ते बरोबर हाय. मानूस गेलं, तर गाडी कुठं फिरत हुती? दवाखान्याच्या खेपा थांबल्या असतील तर तेल वाढलं कसं? तुमी इचारत न्हाई, पर बघताय तसं. अश्फाककडं म्हनूनच गेलो न्हाई. तो मयतीला आलता, तो इचारनार.

दवाखान्यात जातो. अजून. तेच वार, तीच येळ. काय करू? सकाळी उठलं की अंग आपल्याआपन तयार हुतं. गाडी काडतो, जातो, बाहेरच्या बाकड्यावर बसतो. आतल्या मशिनीचा आवाज येतो. कुनाची म्हातारी आत असती, कुनाचा बाप. त्यास्नी च्या आनून देतो, कुनाची चप्पल सरकवून ठेवतो. तिथली एक सिस्टर हाय, सृष्टी म्हनून. परवा जवळ येऊन बसली आन म्हनली, "काका, आता घरी ऱ्हावा. आमालाबी काकी दिसत्यात तुमी आलं की." पोर रडाय लागली. तिला रडवायचं म्हंजी आपली बी हद्द झाली. म्हनलं, आता जायचं न्हाई. आज जायचा वार. म्हनून गाडी हिकडं आनली — हात रिकामं ऱ्हायला नको.

काय म्हनला? — ते म्हाईत हाय मला. नुसतं तेल बदलून भागत न्हाई, एकदा हायवेला पळवायला लागंल. गेल्या आठवड्यात निघालो हुतो. फाट्यावर आलो आन स्टेरिंग फिरंना. मागनं उसाचा ट्रॅक्टर हारन देतोय, मी तसाच. लेह-मनालीचा घाट बर्फात उतरवलाय ह्या हातांनी, मिस्त्री! त्या फाट्यावर थांबायचं काम तिचं हुतं. मी कवा थांबलोच न्हाई तितं. येस्टी दिसंनाशी झाल्यावर ती घराकडं कशी वळायची, कुनास ठाव. इचारलंच न्हाई.

असू द्या. तुमी तेल उतरवा. नव्या डब्यावरचं बघून घाला, जाळीच्या गाडीला येगळं तेल लागतंय. आन झालं की — ही घ्या किल्ली. तुमीच न्या साताऱ्यापातूर. न्हाई, मी येत न्हाई. मी हितं बसतो सावलीला. डावीकडचं तिचं सीट फुडं सरकवलेलं हाय, त्याला हात लावू नका. जावा आता. काय बोलू नका. जावा.